चिंगीची शेपटी

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, सांभाळून घ्यावं.

मी जिथे धुणीभांडी करते त्या घरच्या ताईंनी उचल देऊन मला पांढरे उंदीर वाढवायला सांगितले. "मावशी, मुलं हौसेने पाळतात हो." मी त्यांना नावं दिली, भाकरीचा चुरा भरवला आणि पिल्लं ताईंना नेऊन देत गेले.

एक दिवस त्यांची आतली खोली झाडायला गेले. काचेच्या पेटीत पाळलेला साप होता आणि त्याच्या तोंडातून शेपटी लोंबत होती. टोकाला वाकडी, म्हणजे माझ्या चिंगीचीच.

ताई हसल्या. "अहो, साप जाड झाला, त्याला पिल्लं पुरत नाहीत. आता मोठेच आणत जा."

तेव्हा बोलायचं ते इथे लिहिते. सापावर राग नाही. अंग वाढलं की घास वाढतो, तो काही लपवत नाही. ताईंनी खरं सांगितलं असतं, तर मी नावं दिली नसती.

उरलेले उंदीर घरीच ठेवले. उचल मात्र सगळी फेडली.