दोन बटणं आणि एक पेडल

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शकु सोनकांबळे बावीस वर्षं प्रेस मशिन चालवत होती. काम कपाटाच्या बिजागऱ्यांचं. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून चाळीस टनांचा ठोका. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडायचाच नाही. म्हणून तिची दहाही बोटं शाबूत होती आणि त्याचा तिला तोरा होता. नव्या बाईला शिकवताना ती आधी पंजे पसरून दाखवायची.

मार्चमध्ये अनिरुद्ध नावाचा नवा प्रॉडक्शन मॅनेजर आला. चार दिवस मोबाइलवर टायमर लावून तो तिच्या पाठीमागे उभा राहिला.

"मावशी, एका पीसला नऊ सेकंद. त्यातली तीन नुसती बटणांपर्यंत जाण्यायेण्यात जातात."

"ती तीन सेकंद हात बाहेर काढायची आहेत, सर."

"पायाने ठोका मारला तर हात साच्याजवळच राहतील."

"तेच तर सांगतेय ना!"

रविवारी सहाही मशिनांची बटणं काढून पायाखाली पेडल बसवलं. तासाला चारशेच्या जागी सहाशे पीस निघू लागले. मालक खूश. शकुने पेडलला पाय लावायला साफ नकार दिला, तेव्हा तिला पॅकिंगला बसवलं आणि तिच्या मशिनवर दर्शना आली. चोवीस वर्षांची, शकुच्याच चाळीतली. तिला इथे शकुनेच आणलं होतं.

अठराव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, साच्यात पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला दर्शनाने हात आत घातला आणि पाय पेडलवरच राहिला.

किंकाळी ऐकून शकु धावली. मशिनचा वरचा ठोकळा खाली येऊन तिथेच रुतला होता आणि दर्शनाचा उजवा हात त्याखाली होता. रक्त कामाच्या टेबलावरून खाली गळत होतं. शकुने लोखंडी दांडा मशिनच्या चाकात घातला आणि सगळं अंग टाकून चाक उलटं फिरवलं. हात सुटला. तीन बोटं साच्यातच राहिली.

अनिरुद्ध केबिनमधून पळत आला. "तिला रिक्षात घाला! बाकीच्यांनी मशिनं थांबवू नका, संध्याकाळी माल जायचाय!"

शकुच्या हातात दांडा होताच. तो तिने त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मशिनांच्या धडधडीतही ऐकू आला. तो कोसळला, तरी तिने पाठीत आणखी एक घातला. मग ती मशिनांकडे वळली. पहिलं पेडल तुटलं, दुसरं, तिसरं. चौघांनी मिळून धरलं, तेव्हा पाचवं वाकलं होतं.

दोन दिवस ती कोठडीत होती. जामिनावर सुटल्यावर मालकाचा माणूस घरी आला. "चूक दर्शनाची होती असं लिहून दे, तुझी केस मागे घेतो." तिने त्याला दारातूनच हाकललं. पुढे कारखाना निरीक्षक आले, पेडलं निघाली, बटणं परत लागली. शकुवरची केस अजून बोरिवलीच्या कोर्टात चालू आहे.

शकु आता तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथे तिने मिस्त्रीकडून एक उतरता ट्रे करून घेतला. पत्रा त्यावरून आपोआप साच्यात घसरतो, हात आत घालावाच लागत नाही. दोन बटणांवरच तासाला सहाशे दहा पीस निघतात.

सगळं कळल्यावर कुणी म्हणालं, बरं केलंस त्याला मारलंस, तर ती विषय बदलते. त्याला कारण आहे. हाताची पट्टी सुटली त्या दिवशी दर्शना तिच्याकडे आली होती. रडली नाही. म्हणाली, "ताई, डॉक्टर बोलले, बोटं लगेच बर्फात घालून आणली असती तर दोन तरी जोडता आली असती. तू पेडलं फोडत होतीस आणि सगळे तुला धरत होते. साच्यात कुणी बघितलंच नाही गं."

शकुने तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.