बोटभर जागा

आमच्या घरात चपला-बुटांचं खातं बाबांकडे आहे. बाकी कशात ते फारसं बोलत नाहीत. मी काय शिकावं, कुठे नोकरी करावी, लग्न कधी करावं यावर अख्खं वडनेर गाव मत देऊन मोकळं झालं, बाबा गप्प राहिले. पण पायात काय घालायचं ते त्यांनीच ठरवायचं. दुकानात ते माझ्यासमोर उकिडवे बसत, अंगठ्याने बुटाचं टोक दाबत आणि आत बोटभर जागा सापडेपर्यंत दुकानदाराला पुढचं माप काढायला लावत. मोकळ्या जागेत घरचा कापूस कोंबायचा, दर वर्षी थोडा काढायचा. सगळा निघाला की बूट मापात आला असं धरायचं. तोवर बुटाचा तळ गेलेला असे. त्यामुळे शाळेच्या दहा वर्षांत मापाचा बूट मी घातलाच नाही. सातवीत धावण्याच्या शर्यतीत पहिला नंबर हातचा गेला तेव्हा पोट दुखलं म्हणून घरी सांगितलं. पोट ठणठणीत होतं.

त्याच बाबांसमोर गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी स्कीइंगच्या बुटांचे दोन जोड ठेवले.

हे कसं झालं ते सांगते. मी वर्ध्याला एका कार्यालयात कारकून आहे, नालवाडीत खोली करून राहते. मे महिन्यात पारा कुठवर गेला हे आमच्याकडे पाहुण्यांना पोराचे मार्क सांगावेत तसं सांगतात. बर्फ माहीत तो रसवंतीतला, भुशात गुंडाळलेला. अशा जिल्ह्यातून मी बत्तिसाव्या वर्षी रजा काढून हिमाचलात गेले, भाड्याच्या बुटांत आठ दिवस पडत-उठत साधं स्कीइंग शिकले, आणि शेवटच्या दिवशी तिथल्या मुली उंचवट्यावरून उडी मारून हवेत गिरकी घेताना पाहिल्या. त्याला फ्रीस्टाइल म्हणतात. मला तेच करायचं होतं. इतकं वेड मला आजवर कशाचं लागलं नव्हतं, खात्याच्या परीक्षेचं तर नाहीच नाही. साहेबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, याचा बढतीला उपयोग होतो का.

जानेवारीतल्या फ्रीस्टाइलच्या नवशिक्यांच्या वर्गात जागा मिळाली. शिकवणाऱ्या मॅडमनी फोनवर एकच अट घातली. बूट स्वतःचे हवेत आणि मापाचे हवेत. आत टाच हलते असं दिसलं तर त्या उडीच्या उतारावर जाऊ देणार नव्हत्या, सगळे दिवस खाली सपाटीवर काढावे लागले असते. दिल्लीच्या एका दुकानाने दोन मापांचे जोड पाठवले. एक ठेवायचा, दुसरा चार दिवसांत परत. नवशिक्याला फार कडक बूट नको असं मॅडमनी सांगितल्यामुळे दोन्ही मऊ होते. मऊ म्हणजे विटेपेक्षा.

खरं तर हे सगळं मी नालवाडीच्या खोलीतच उरकायला हवं होतं. पण बाबांचा अंगठा लागल्याशिवाय मी आयुष्यात बूट घेतला नव्हता, आणि त्याशिवाय कसा घेतात तेही मला ठाऊक नव्हतं. रविवारी दोन्ही खोकी घेऊन मी वडनेरच्या एसटीत चढले.

वेचणी चालू होती, पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता. मी ढिगाशेजारी उभी राहून मोठा जोड चढवला. शेजारचे काका खास बघायला आले आणि फवारणीला उत्तम म्हणाले, साप चावला तर त्याचेच दात पडतील. आईने विचारलं, हे घालून खाली बसता येतं का. नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला.

बाबा उकिडवे बसले आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. प्लास्टिक दबेना. त्यांनी दुसरा अंगठा लावला, तरी दबेना. एखादा बूट त्यांना दाद देत नाही असं मी प्रथमच पाहत होते. शेवटी त्यांनी मलाच आत बोटं हलवून बघायला सांगितलं. मोठ्या जोडात बोटं मजेत हलली, बाबांचं समाधान झालं. लहान जोडात बोटं पुढे टेकली हे ऐकताच ते उठले.

"हा परत करजो," ते म्हणाले. मोठा ठेवायचा, दोन मोजे घालायचे, उरलेल्या जागेला कापूस आहेच. ढिगातून त्यांनी मूठभर कापूस काढलासुद्धा, स्वच्छ, पांढरा, पहिल्या वेच्याचा.

मी हो म्हटलं. साहेबांच्या टिपणीतल्या चुका तोंडावर दाखवणारी बाई मी, आणि मूठभर कापसापुढे हो म्हटलं. लहान जोड खोक्यात घालून चिकटपट्टी लावली. जेवायला बसले. उडी गेली हे मला कळत होतं, आणि स्वतःचा इतका राग येत होता की भाकरी तशीच ठेवून उठले.

"काऊन, काय झालं?" बाबांनी विचारलं.

मग मी मॅडमनी सांगितलेली पद्धत सांगितली. बुटातला गादीचा भाग काढायचा, नुसत्या कवचात पाय घालायचा, पायाची बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे हाताची किती बोटं जातात ते बघायचं. एक गेलं तर बूट मापाचा. दोनाहून जास्त जागा राहिली तर मोठा.

"जागा मांगं पाह्यची?" बाबा म्हणाले, आणि माझ्या टाचांकडे बघत खोक्याकडे वळले. चिकटपट्टी त्यांनीच फाडली. मोठ्या जोडात माझ्या टाचेमागे त्यांची दोन बोटं गेली आणि तिसऱ्यालाही वाट होती. शेतात राबलेली बोटं, एकेक गाजराएवढं जाड. लहान जोडात एक गेलं ते ओढून काढावं लागलं. मग त्यांनी गादी परत घालायला लावली, पट्टे आवळले, मला गुडघे वाकवायला सांगितले. वाकल्यावर बोटं पुढून सुटली. "टाच उचल," ते म्हणाले. मी जीव खाऊन उचलली, आत ती जागची हलली नाही.

बाबांनी मुठीतला कापूस ढिगावर परत टाकला.

"सातवीत शर्यतीत तुया जोडा निसटला होता," ते खाली बघून म्हणाले. "तू घरी सांगतलं पोट दुखलं म्हून. मी तवा कुंपणापाशी उभा होतो. तो जोडा मीनंच घेतला होता ना. हाच ठेवजो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की पोटाचं खोटं सांगून मी त्यांना वाचवलं. मोठा जोड ते एकटेच खोक्यात भरत होते. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण लहान जोड अजून पायात होता, आणि ते बूट घालून खाली बसता येत नाही.