गर्दी नसलेली गाडी

ओमानमध्ये आगगाडी नाही. तिथल्या अल् खुवैर भागात इतकी वर्षं काढल्यावर, समोर उभं राहिलं की दार आपोआप उघडतं, एवढंच आम्हाला मॉलने शिकवलेलं. गर्दी नको म्हणून नवऱ्याने इटलीची ट्रिप ऐन थंडीत काढली. आमचं स्टेशन आलं तसे आम्ही बॅगा घेऊन दारापाशी उभे राहिलो. दार काही उघडेना. मी काचेवर थापा मारल्या, तो नुसता दाराला अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चल-चल, करत राहिला. बटण दाबायचं असतं, हे सांगायला डब्यात चिटपाखरूही नव्हतं. गाडी सुटली. आमचं हॉटेल खिडकीतून मागे जाताना आम्ही बघत राहिलो.

परतल्यावर शेजारणीने विचारलं, "कशी झाली ट्रिप?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "मस्त! गर्दी अजिबात नव्हती."