कानामागचे काजळ

घरमालकीणबाईंनी अट घातली ती थट्टेत. मी ती गंभीरपणे घेतली. त्या वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्याकडे चपट्या नाकाची, दुधी रंगाची पर्शियन मांजर होती. खालच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी राहत होते आणि माझ्यासोबत नगरजवळच्या नागापूरच्या आमच्या औषध कारखान्याच्या कँटीनमागे सापडलेली, पांढरी, कुठल्याही वंशावळीत न बसणारी मांजर.

"हे भटकं माझ्या घरात चालायचं नाही," जिन्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या. "नगरात नवख्यांसाठी कॅट शो आहे. माझी जातेय. तुझ्या महाराणीलाही ने की! बक्षिसाची रिबन आणलीस तर राहू दे. नाहीतर तिची सोय बाहेर बघ."

"चालेल, काकू."

त्या हसल्या. ते हसणे मी आजवर विसरलेले नाही, आणि विसरण्याची इच्छाही नाही.

औषधांची गुणवत्ता तपासणे हा माझा व्यवसाय आहे. नियमावली मी इतरांपेक्षा सावकाश वाचते. वंशावळीच्या मांजरांचा गट वेगळा होता आणि घरगुती मांजरांचा वेगळा. घरगुती गटात नाक, शेपूट, कानांचे माप कोणी पाहत नाही. पाहतात ते आरोग्य, स्वच्छता आणि परक्या हातातले वर्तन. या तिन्ही गोष्टी प्रयत्नाने साधता येतात, म्हणून मी त्या साधायला घेतल्या. मांजरीच्या लसी पूर्ण केल्या. नखे बोथट केली. पिंजऱ्यात जेवायला घालून पिंजऱ्याची भीती घालवली. प्रयोगशाळेतल्या सहकारी मुलींना घरी बोलावून प्रत्येकीला तिला उचलायला, तिचे ओठ वर करून दात पाहायला लावले. सुरुवातीला ती ओरबाडत असे. पुढे पुढे नुसती कंटाळू लागली. कंटाळलेली मांजर परीक्षकाला शांत वाटते, हे माझे अनुमान होते आणि ते बरोबर ठरणार होते.

आदल्या दिवशी शेवगावहून आई आली. मांजरांची जत्रा भरते हे तिला पाहायचेच होते.

"आन् बक्षीस न्हाई मिळालं तर?" तिने विचारले.

"तर हिला घराबाहेर काढावं लागेल. म्हणून मिळवायचंय."

आईने मांजरीकडे बराच वेळ पाहिले. ती गप्प असते तेव्हा काहीतरी ठरवत असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

शो एका मंगल कार्यालयात होता. जिथे एरवी पंगती बसतात तिथे टेबलांवर पिंजरे मांडले होते, आणि मांजरांचे मालक एकमेकांकडे व्याह्यांसारखे संशयाने पाहत होते. घरमालकीणबाई समोरच्या रांगेत आपल्या मांजरीला विंचरत होत्या. प्रत्येक फणीसरशी तिच्या अंगातून पांढरी भुकटी उडत होती. मी लसीकरणाची कागदपत्रे दाखवायला प्रवेशद्वारापाशी गेले. मांजर आईजवळ होती.

आमची पाळी आली. परीक्षकांनी मांजरीला उचलले, पोटाखाली हात घातला, दात पाहिले. ती छान कंटाळली होती. "उत्तम तब्येत," ते म्हणाले. "स्वभावही फार चांगला." मग त्यांनी तिचा डावा कान दुमडला, पांढरा रुमाल कानामागे टेकवला आणि तो माझ्यासमोर धरला. त्यावर काळा डाग होता.

"हे काय, मॅडम?"

मी आईकडे पाहिले.

"तीट हाय, साहेब," आई म्हणाली. तिच्या स्वरात किंचितही संकोच नव्हता. "इतकी मानसं टकामका बघत्यात. आन् ही अशी पांढरीफेक. दृष्ट लागायला कितीसा येळ लागतोय?"

आजूबाजूचे लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. अंगावर रंग आढळल्यास नोंद बाद, एवढेच ते म्हणाले.

मी युक्तिवाद केला. रंग लावण्यास मनाई आहे ती दोष झाकला जाऊ नये म्हणून. पांढऱ्या मांजरीला काळा ठिपका लावून काय झाकले जाते? ओल्या कापसाने पुसून खाली पाहा. परीक्षक म्हणाले, "हेतू तपासणं माझं काम नाही." तेव्हा मी समोरच्या मांजरीच्या अंगावर एक चापटी मारून किती भुकटी उडते ते पाहण्याची विनंती केली. उत्तर मिळाले की दुसऱ्या गटातल्या नोंदीवर मला आक्षेप घेता येत नाही.

"अगं, जाऊ दे ना," घरमालकीणबाई समोरून म्हणाल्या. "टिकली लावून नटवलीस तरी गावठी ती गावठीच."

"आवो बाई, तुमची तर पिठाच्या डब्यातनं उठून आल्यावानी दिसतीय," आई म्हणाली. पुन्हा हशा पिकला, पण आमची नोंद बादच राहिली. त्यांच्या मांजरीला दुसरा क्रमांक मिळाला.

बाहेर पायऱ्यांवर आईला मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. पण त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशीही तिने माझ्या कानामागे असेच बोट टेकवले होते, आणि ती नोकरी त्या बोटामुळेच मिळाली असे ती गावभर सांगते. तिला पुरावा म्हणजे काय ते कधीच कळणार नाही.

"दे मग माझ्याकडं," ती म्हणाली. "शेतात लई जागा हाय."

"तुझ्याकडची मांजरं कांद्याच्या चाळीवर राहतात आणि वर्षभरात कुठे जातात ते कोणाला माहीत नसतं. नको."

तेवढ्यात घरमालकीणबाई रिबन लावलेला पिंजरा घेऊन खाली उतरल्या. "मग? कधी सोडतेस तिला?"

"महिनाअखेर. आम्ही दोघीही जातोय."

त्यांचे हसणे पहिल्यांदाच अर्धवट राहिले. "एका मांजरापायी? डोकं फिरलंय तुझं."

"असेल, काकू."

आता मी कारखान्याजवळ पत्र्याच्या खोलीत राहते. दुपारी खोली तापते आणि शेजारच्या वर्कशॉपमधल्या रंगाचा वास भिंतीतून आत येतो. मांजर दिवसभर कॉटखाली पडून असते आणि मी आत आले की माझ्याकडे पाठ फिरवते. आई फोनवर आधी तिची चौकशी करते. "जेवते," असे सांगून मी विषय संपवते.