कारंज्याचं नेट मी बंद केलं त्या दिवशी

कारंज्यात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करते. कापडाच्या दुकानावरची एक खोली, आणि कोपऱ्यात सगळ्यांचं नेट सांभाळणारं एक यंत्र. आमच्या साऱ्या ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगात पत्ता एकच. कोणी नेटवर काही उघडलं की यंत्र त्या मागणीवरचा घरचा पत्ता काढून हा एक पत्ता घालतं, आणि उत्तर आलं की नेमक्या घरी पोचवतं. हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये चालतं.

एका सकाळी मेल आला. पत्ते बदलणाऱ्या त्याच कोडमध्ये चूक सापडली होती. मुद्दाम वाकडं रचलेलं पॅकेट, म्हणजे नेटवरून येणारा माहितीचा तुकडा, आत आलं तर यंत्र बंद पडेल, नाहीतर पाठवणाऱ्याच्या ताब्यात जाईल. चूक कित्येक वर्षं तिथंच होती, आत्ता कोणाच्या तरी लक्षात आली. दुरुस्त कर्नेल टाकायचं आणि यंत्र एकदा बंद करून चालू करायचं, एवढंच काम.

पण वाचता वाचता मला गेला आठवडा आठवला. यंत्र दोनदा आपोआप बंद होऊन सुरू झालं होतं, आणि मी ते विजेवर ढकलून मोकळी झाले होते.

मालकांना मी काका म्हणते. यंत्र लगेच बंद करून चालू करू का, असं विचारलं तर ते म्हणाले, "आज नको. नर्सिंगच्या फॉर्मची पाच वाजेलोक मुदत आहे. समोरच्या फॉर्म भरायच्या सेंटरवर रांग लागून राह्यली."

"काका, कोणी आत शिरलं असन तं?"

"कारंज्यात शिरून कोणाले काय भेटन?"

मी जागेवर येऊन बसले. स्क्रीनवरचा एखादा आकडा वर उडाला की उठायचे, परत बसायचे. डबा उघडला आणि तसाच झाकला. दीड वाजता काका जेवायला घरी गेले. पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणत मी नवं कर्नेल टाकलं आणि यंत्र बंद करून चालू केलं.

यंत्र चालू झालं, पण नव्या कर्नेलला आमचं जुनं नेटवर्क कार्ड ओळखताच येईना. सगळ्यांचं नेट गेलं. फोन एकामागून एक वाजू लागले.

तेवढ्यात जिना चढून एक बाई आल्या. धनजहून आल्या होत्या, हातात लेकीच्या गुणपत्रिकांची प्लास्टिकची पिशवी. "मॅडम, नेट काहून गेलं? पोरीचा फॉर्म अर्धा झाला होता."

"मीच बंद केलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मंग तुमीच चालू करा. मी बसते इथंच."

माझी आईसुद्धा माझ्या फॉर्मसाठी शेतातलं निंदण सोडून अशीच दिवसभर बाकावर बसली होती. मी पुन्हा जुनं कर्नेल चालू केलं. त्यात भोक आहे हे माहीत असूनही केलं. नेट आलं. बाई पिशवी उचलून जिना उतरल्या. चारच्या सुमाराला त्यांनी रस्त्यावरूनच हात वर करून फॉर्म भरून झाल्याची खूण केली.

काका परत आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"मले इचारायचं तरी होतं."

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

पाच वाजेपर्यंत मी नव्या कर्नेलला ते कार्ड ओळखता येईल असा ड्रायव्हर शोधून ठेवला. मुदत संपल्यावर नवं कर्नेल पुन्हा टाकलं. या वेळी सगळं नीट चाललं. मग मागच्या नोंदी काढल्या, तर यंत्रात फक्त चार दिवसांच्या होत्या. यंत्र बंद पडलं त्या दोन्ही वेळांच्या नोंदी पुसून गेल्या होत्या.

"म्हणजे कोणी आलं नाही?" काकांनी विचारलं.

"म्हणजे कळत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदींसाठी मोठी डिस्क मागवली. धनजच्या त्या मुलीला प्रवेश मिळाला, असं काही आठवड्यांनी सेंटरवरून कळलं. मी मात्र अजूनही जेवता जेवता डाव्या हातानं मोबाईल उघडते आणि यंत्र कधीपासून न थांबता चालू आहे ते बघते.