फायबरवाल्याचं अभ्यंगस्नान

आता सुरुवात तरी कुठून करू? आधी चहा घ्या हातात, म्हणजे हसताना ठसका लागला तर नाव चहाचं होईल, माझं नको.

आम्ही सिडनीत, केलीव्हिलला राहतो. घर छान, अंगण छान, पण इंटरनेट? जमिनीखालच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून रांगत यायचं! साताऱ्याला माझे बाबा एकटे. रोज व्हिडिओ कॉल, आणि रोज मी नेमकी तोंड उघडं असताना फ्रीझ! बाबा म्हणायचे, "अश्विनी, तुझे दात मला पाठ झालेत. बाकीची तू कशी आहेस?"

ते हसत म्हणायचे हो, पण मला वाईट वाटायचं. आई गेल्यानंतरची ही पहिलीच दिवाळी. आमच्याकडचं लक्ष्मीपूजन त्यांना थेट बघायचं होतं.

तेवढ्यात कंपनीची मेल आली. महागातला प्लॅन घ्या, फायबर दारापर्यंत फुकट! "अगं, फुकट कसलं? खणायचा खर्च ते प्लॅनमधून आपल्याकडूनच वसूल करणार," नीलेश म्हणाला. नीलेश म्हणजे माझा नवरा. पण फुकट हा शब्द कानावर पडल्यावर मी कधी कुणाचं ऐकलंय?

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस कामावरून येते तो काय, अंगणातल्या विटांच्या फरशीवर नारिंगी-निळ्या रेघोट्या! मला वाटलं, शेजारच्या पोरांचे उद्योग. काढला प्रेशर वॉशर आणि फरशी केली लख्ख.

संध्याकाळी नीलेश आला. "अगं, त्या खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"कंपनीचा माणूस करून गेला होता! नारिंगी म्हणजे इथे खणा. निळी म्हणजे खाली पाण्याचा पाइप, इथे खणू नका. उद्या सकाळी क्रू येतोय!"

आता गंमत बघा. माझे बाबा मोजणी खात्यातून रिटायर झालेले. लहानपणी आमच्या घरी धाक एकच होता, मोजणीच्या खुणेला हात लावायचा नाही. आणि त्यांच्या लेकीने खुणा चक्क धुऊन काढल्या होत्या!

"फोन कर आणि खरं काय ते सांग," नीलेश म्हणाला.

"आणि तारीख पुढे गेली तर? बाबांना काय सांगू?"

मग मी जे केलं ते अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरं कुणी केलं नसेल. रांगोळीचा डबा काढला! आठवून आठवून नारिंगी रेघ ओढली, निळी ओढली. अहो, मोठमोठ्या ठिपक्यांच्या रांगोळ्या येतात मला, दोन रेघांचं काय! पण हात स्वस्थ बसेल तर ना. ऐन दिवाळीत नुसती सरळ रेघ बरी दिसते का? नारिंगी रेघेला दारापाशी एक पाकळी काढली. आई काढायची तशी, टोकाला जरा निळ्या रेघेकडे मुरडलेली. छोटीशीच हो!

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. आमचं उटणं-आंघोळ आटपतंय तोवर क्रूचा मुकादम क्रेग दारात हजर. खाली वाकून बघत राहिला.

"ब्यूटिफुल लाइन्स, मेट! बट व्हाय द बेंड?"

"दॅट्स हाऊ इट गोज," मी ठणकावून सांगितलं.

बिचारा! पाकळीबरहुकूम विटा उचकटत गेला, खणत गेला. टोकाला जिथे मुरड होती तिथे फावडं लागलं मात्र, पाण्याचा पाइप फुटून फस्सकन कारंजं! क्रेग नखशिखांत भिजला. रांगोळी वाहून गेली. चला, पुरावा तरी गेला, असं मनात येतंय तोच आमचा आरव दारातून ओरडला, "मम! युअर रांगोळी इज गॉन!"

क्रेगने माझ्याकडे बघितलं. दाढीतून पाणी गळतंय, तरी म्हणतो काय, "नो वरीज." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॉवेल दिला, चकल्या दिल्या. फक्त उटणं लावायचं राहिलं!

काम अर्थातच पुढे गेलं. लक्ष्मीपूजनाला बाबांना पुन्हा माझे दातच दिसले. आणि मी काय सांगावं? "बाबा, इथल्या लोकांना साधी रेघ धड मारता येत नाही हो!"

यथावकाश फायबर आलं. पहिलाच कॉल आणि बाबा इतके स्वच्छ, की चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरासुद्धा दिसला. माझे डोळेच भरून आले.

"अंगण दाखव की," ते म्हणाले. मी उत्साहाने फोन घेऊन बाहेर. खणलं होतं तेवढ्याच वाटेवर, जुन्या फिक्या विटांमध्ये, आता नव्या लालभडक विटा उठून दिसत होत्या. बाबा पुढे झुकले.

"खणलं ते इथेच का?"

"हो, इथेच."

"रेघ कंपनीच्या माणसाने मारली म्हणालीस ना? मग त्याला तुझ्या आईची पाकळी कुठून येते?"

आणि बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून असे हसले नव्हते. चित्र एकदाही न अडकता मी ते हसू पूर्ण बघितलं.

"अगं, बोल की! परत नेट गेलं का तुझं?"

नेट कुठलं जातंय? झकास चालू होतं. तोंड उघडं टाकून मीच उभी होते!