चौतीस मिनिटांची फेरी

डेपोत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. नाव पडलं होतं टर उडवण्यासाठी, पण काकांनी ते सव्वीस वर्षं पदकासारखं मिरवलं. नऊ नंबरची गाडी, बसस्थानकापासून टेकडीवरच्या वसाहतीपर्यंत बावीस थांबे आणि बेचाळीस मिनिटं. रस्त्यावर वाहनं वाढली, सिग्नल वाढले, बाकीच्या ड्रायव्हरांची फेरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेली; काकांची मात्र बेचाळीसची बेचाळीसच. त्यांच्या नावावर उशिराचा एकही शेरा नव्हता, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून मोकळे होत.

दुखणं होतं ते घरातच. त्यांची लेक सात महिन्यांपूर्वी त्याच डेपोत ड्रायव्हर म्हणून लागली, तीही नऊ नंबरवरच, आणि एवढ्यात तिला उशिराचे पाच शेरे मिळाले होते. वर्षभर नोकरी कच्ची. सहावा शेरा आला की घरचा रस्ता. ही नोकरी तिने दोन वर्षं अवजड गाडी शिकून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्या खेपेला मिळवली होती. काका जेवताना हमखास विषय काढत. गाडी चालवतेस की ढकलतेस, असं विचारत. पोरीला निदान घास तरी गिळू द्या, असं बायको म्हणे. लेक मात्र खाली मान घालून जेवत राही. तिने एकदा तरी उलट बोलावं असं काकांना वाटे. तिचं ते गप्प बसणं त्यांना फार झोंबे.

त्यात डेपोत नवे साहेब आले. वयाने तरुण, बोलायला मऊ, पण आकड्यांना पक्के. टेकडीवरच्या लोकांनी बस वाढवा म्हणून अर्जांवर अर्ज केले होते आणि नवी गाडी मिळायची काही चिन्हं नव्हती. साहेबांनी हिशोब मांडला. फेरी चौतीस मिनिटांत झाली, तर आहेत त्याच पाच गाड्यांत दर वीसऐवजी दर पंधरा मिनिटांनी बस देता येईल. ड्रायव्हर एका सुरात म्हणाले, अशक्य. साहेबांनी काकांची नोंद टेबलावर ठेवली आणि विचारलं, एकाला आजही बेचाळीस जमतात तर बाकीच्यांना का जमत नाहीत? आणि यांनी अजून जोर लावला तर चौतीस का होणार नाहीत? मंगळवारी सकाळी भर गर्दीत चाचणीची फेरी करायचं ठरलं. चालवणार अर्थातच घड्याळकाका. आणि लेकीला हुकूम मिळाला, की पुढच्या सीटवर बसून वडिलांकडून शिकून घ्या.

चौतीसचं वेळापत्रक लागू झालं तर पोरगी पहिल्याच आठवड्यात बाहेर पडणार, हे काकांना कळत होतं. त्या विचाराने त्यांना दोन रात्री धड झोप लागली नाही. पण त्यांचा स्वतःवर भरवसा होता. डोळ्यांनी पाहील तेव्हा शिकेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मंगळवारी गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी सुटली. पहिल्या थांब्यापासून काकांचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका असा झालाच नाही. माणूस पायरीवर चढला की दार मिटायचं, आणि तो दांडी पकडेपर्यंत गाडी दुसऱ्या गियरमध्ये. मंडईपाशी एक हातगाडी आडवी आली, पण तेवढ्यात फट सापडली. शाळेच्या थांब्यावर दोघं धावत येत होते. ते पोचेपर्यंत गाडी निघालेली होती. काका घड्याळाकडे बघत होते, लेक मागच्या आरशाकडे. दवाखान्याच्या थांब्यावर उतरणारे उतरले. वीस पावलांवर एक बाई कुबड्यांवर येत होती, तिने एक कुबडी वर करून खूण केली. काकांनी दार मिटलं. लेक सीटवरून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

वसाहतीच्या थांब्यावर काट्याने चौतिसावं मिनिट अजून ओलांडलं नव्हतं.

गाडी डेपोत परतली तेव्हा साहेब स्वतः खाली आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. एक तारखेपासून हेच वेळापत्रक, असं जाहीर झालं. बाकीचे ड्रायव्हर काकांकडे असे बघत होते, जणू त्यांनी सगळ्यांच्या ताटात माती कालवली. काकांना त्याचीही पर्वा नव्हती. ते पाण्याच्या टाकीपाशी लेकीला गाठून म्हणाले, "बघितलंस? जमतं. मनावर घ्यावं लागतं."

लेकीने नळ बंद केला. "बाबा, दवाखान्यापाशी ती कुबड्यांवाली बाई तुम्हाला दिसली नाही का?"

काका म्हणाले, दिसली की. मागून दुसरी गाडी होतीच.

"तिला पायऱ्या चढायला दीड मिनिट लागतं. मग मी ती बसेपर्यंत थांबते. तिच्यासारखे आणखी चार-पाच जण आहेत. माझे पाचही शेरे त्यांच्यापायी आहेत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तुम्ही कोणासाठी थांबत नाही, असं म्हणू?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काल आलेली पोर आपल्याला शिकवणार? ते तरातरा चालत फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांना शाळेपाशी धावणारे ते दोघं आठवले. मग कालचे आठवले, मग परवाचे. आरशात लहान होत गेलेली इतकी माणसं आठवली, की त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली. राग गेला आणि तिथे नुसती भीती उरली. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वेळापत्रकावर सही करत होते. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की फेरी खोटी आहे, थांब्यावर तीन माणसं सोडून मी गाडी पुढे काढली. साहेबांचं पेन थांबलं. दाराशी लेक येऊन उभी राहिली होती.

थांब्यावर प्रवासी सोडणं हा गुन्हा आहे, हे साहेबांनी मऊ आवाजातच सांगितलं. तुमच्या नावावर लागेल. मग त्यांनी विचारलं, "हे फक्त आजच झालं ना? चाचणीच्या घाईत?"

साहेबांनी पळवाट दिली होती. हो म्हटलं असतं तर एका ताकिदीवर भागलं असतं.

"नाही साहेब. रोजच."

साहेबांनी चौतीसच्या आकड्यावर रेघ मारली आणि वैतागून विचारलं, "मग खरी वेळ किती, ते तरी सांगा. सव्वीस वर्षं चालवताय."

काकांनी मान हलवली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. मग दाराकडे बोट केलं. "तिला विचारा."